चार पावलं माझी, सात तुमची

ग्लासगो
२१ सप्टेंबर १९९०

डॉ. रेनी यांस,

शुक्रवार, १४ सप्टेंबर १९९०, दुपारी तीन वाजून वीस मिनिटं. ही वेळ मणक्याच्या पेशंटांच्या युनिटमधल्या मोठ्या हॉलच्या घड्याळाची. ते दोन मिनिटं पुढे आहे, म्हणून हवं तर तीन अठरा धरा. त्या वेळी तुम्ही माझा उजवा पाय मला न विचारता उचललात.

रविवारी तुम्ही टोरांटोच्या विमानात बसलात, त्यामुळे हे तोंडावर बोलण्याची सोय राहिली नाही. मोरॅगकडून तुमचा पत्ता घेतला. तिला वाटलं, मी तुम्हाला शुभेच्छा पाठवते आहे. शुभेच्छा आहेतच. त्या शेवटच्या ओळीत येतील.

आता घडलं ते क्रमानं लिहिते. तुम्हाला माहीत असलेल्या गोष्टीही लिहिते, कारण पुढे कोणी 'पेशंटला यंत्राची समज नव्हती' असं म्हणू नये. माझ्या दोन्ही पायांत घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत कॅलिपर आहेत. मांड्यांवर आणि गुडघ्यांच्या बाजूला चिकटपट्ट्या आहेत. त्यांच्या तारा कमरेच्या पेटीत जातात. पेटीतून निघालेली एक तार उजव्या कुबडीच्या मुठीतल्या बटणाला जाते. बटण दाबलं की विजेचा झटका बसून पाय मुडपतो आणि उचलला जातो. सोडलं की मांडीचे स्नायू ताठ होतात आणि पाय खांबासारखा उभा राहतो. पुढच्या वेळी दाबलं की दुसऱ्या पायाची पाळी. पेटीला आणखी एक भोक आहे. त्यात सरावाच्या बटणाची लांब तार लागते. चालायला लागल्यावर पहिले काही महिने ते बटण माझा व्यायाम करून घेणाऱ्या मोरॅगच्या हातात होतं. यंदाच्या फेब्रुवारीत ते काढून कपाटात ठेवलं आणि तुम्ही मला म्हणालात, "मिस डेव्हनी, आजपासून गाडी तुमची."

मी तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. त्यातली शेवटची बारा सुपरवायझर म्हणून. कोणती तार कुठल्या भोकात गेली आहे, हे मला पाठीमागूनही कळतं.

समितीचे नऊ जण भिंतीला लागून खुर्च्यांवर बसले होते. घरी वापरायच्या पेट्यांना मंजुरी द्यायची की नाही, हे त्यांच्या हातात होतं. मोरॅग माझ्या मागे, माझ्या कमरेचा पट्टा धरून. तुम्ही तिच्याही मागे, पांढऱ्या कोटात, उजवा हात खिशात. मी चार पावलं टाकली आणि थांबले. पाचव्या पावलाच्या वेळी माझा अंगठा वर होता. हवेत. बटणाला लागलेलाच नव्हता. आणि मला माझा बूट पुढे जाताना दिसला.

पायाला काही कळत नाही, हे तुम्ही जाणता. मी तो बूट पाहिला, एवढंच. कोणीतरी दुसऱ्याचाच पाहावा तसा.

त्यानंतर अकराव्या पावलापर्यंत सगळी पावलं तुमची, खिशातल्या सरावाच्या बटणाची. अध्यक्षांनी नंतर मला काही विचारलं, मी सभ्यपणे उत्तर दिलं. तो मुद्दा वेगळा आहे.

तुम्ही समितीला एक पत्र पाठवावं: चार पावलं मिस डेव्हनींची, सात माझी. टपालाचा खर्च मी देईन.

नव्या नोकरीत यश मिळो.

सिसिलिया डेव्हनी

•

ग्लासगो
१९ ऑक्टोबर १९९०

डॉ. रेनी यांस,

तुमचं धबधब्याचं चित्र असलेलं कार्ड मिळालं. मागे तुम्ही लिहिलंय, "अकरा पावलं म्हणजे अकरा पावलं. तुम्ही त्या दिवशी कमाल केलीत!" उद्गारचिन्ह तुमचं. आमच्या शाळेत सिस्टर ॲल्फॉन्सस उद्गारचिन्हाला एक छडी मारायच्या. त्यांचं म्हणणं होतं, वाक्यात दम असला तर शेवटी काठी उभी करावी लागत नाही.

मी थांबले ती घाबरले म्हणून नव्हे. तुम्हाला तसं वाटलं असणार. नऊ माणसं बघताहेत, बाई अडकली, आता चालवायलाच हवं. तुम्ही माझे पाय बघत होता. सगळेच माझे पाय बघतात. पण मी पायांनी चालत नाही, डॉक्टर. मी तळहातांनी चालते. कुबडीचं रबर जमिनीत रुतलं, माझं वजन त्या हातावर आलं, हे तळहात मला सांगतात. ते सांगितल्याशिवाय मी बटण दाबत नाही. त्या दिवशी पाहुणे येणार म्हणून सफाईवाल्या बायकांनी हॉलची फरशी मेणानं इतकी घासली होती की तिच्यात दिवे दिसत होते. चौथ्या पावलानंतर उजव्या कुबडीचं रबर बोटभर सरकलं. मी ते पुन्हा बसवत होते. आणखी तीन सेकंद लागले असते.

तुम्ही विचारायला हवं होतं. "काय झालं, मिस डेव्हनी?" एवढंच. दोन वर्षं, मंगळवार आणि शुक्रवार, तुम्ही मला हवा कशी आहे हेसुद्धा विचारायचात.

आता एक नवी गोष्ट. काल मोरॅगनं मला कागदाची ती गुंडाळी दाखवली, पेटीला जोडलेल्या यंत्राची, ज्यावर प्रत्येक पावलाचा डोंगर उमटतो. तिनं ती टेबलावर पसरली आणि दोन्ही टोकांना कपबशा ठेवल्या.

"बघा तरी, किती सुंदर आलंय!"

"कुठून कुठपर्यंत सुंदर?" मी विचारलं.

"सुरुवातीचं जरा वेडंवाकडं आहे म्हणा. पण पाचव्यापासून बघा की. फूटपट्टीनं आखल्यासारखं. तुम्हाला सूर सापडला तिथं."

"असं दिसतंय खरं."

"आणि ऐका, घरच्या नव्या पेट्यांची लय यावरूनच लावणार आहेत. रेनीसाहेबांनी तिकडून आकडे पाठवलेत. दर दोन सेकंदाला एक पाऊल."

घरच्या पेटीत प्रत्येक पावलाला बटण दाबावं लागत नाही, हे मला तिच्याकडूनच कळलं. एकदा दाबलं की पावलामागून पाऊल आपोआप, ठरलेल्या वेळेनं, पुन्हा दाबून थांबवेपर्यंत. अंगठ्याला थकवा येऊ नये म्हणून ही सोय.

मी फूटपट्टी मागून घेतली आणि डोंगरांमधलं अंतर मोजलं. माझी पावलं तीन सेकंद, चार, साडेतीन अशी. तुमची दोन, दोन, दोन. माझी अंतरं असमान आहेत कारण जमीन असमान असते आणि खांदा दमतो. तुमची समान आहेत कारण तुम्ही उभे होता.

ती सात पावलं मी पडले नाही, त्याचं कारण मोरॅगनं पट्टा धरला होता, हेही लिहून ठेवते. तीन आठवडे माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. केस ती विंचरून द्यायची.

समितीला पत्र लिहा. आता ते माझ्या पावलांपुरतं राहिलेलं नाही.

सिसिलिया डेव्हनी

तुमचा निळा मग अजून खिडकीतच आहे. मोरॅग त्यात पेनं ठेवते.

•

ग्लासगो
१२ डिसेंबर १९९०

डॉ. रेनी यांस,

तुमच्याकडून काही नाही. कार्डसुद्धा नाही.

डेसी मुलहर्न तुम्हाला आठवत असेल. गोवनच्या जहाजाच्या कारखान्यातला वेल्डर, चौतीस वर्षांचा, वरच्या फळीवरून पडला तो. तुम्ही निघालात तेव्हा तो सरावाच्या दोन समांतर दांड्यांच्या मध्ये नुकता उभा राहायला लागला होता. आता कुबड्यांवर आला आहे. खांदे बैलासारखे आणि तोंड त्याहून मोठं. मी हॉलमध्ये शिरले की ओरडतो, "गप्प बसा रे, हेडबाई आल्या!"

"मुलहर्न, वेल्डरनं तोंड उघडण्याआधी काच खाली घ्यायची असते."

"बाई, तुमच्यापुढं काच वितळते."

मोरॅग म्हणते, आम्हा दोघांना एका खोलीत ठेवायला युनिटनं तिला जादा पगार द्यावा.

घरची पहिली पेटी त्यालाच मिळणार आहे, २१ तारखेला. मंजुरी मिळाली, हे तुम्हाला कळलंच असेल. एकूण चार पेट्या. पहिली डेसीची, उरलेल्या तीन वसंतात. तो दोन आठवडे दुसरं काही बोलत नाही. त्याच्या बाथरूममधला आरसा भिंतीत पक्का बसवलेला आहे, उभ्या माणसाच्या उंचीला. दोन वर्षं तो स्वयंपाकघरात बसून बायकोच्या पावडरच्या डबीतल्या आरशात दाढी करतो आहे. "एका वेळी एकच गाल दिसतो, बाई. दुसऱ्या गालाला वाटतं मी त्याला टाकलं." त्याला नाताळच्या सकाळी उभं राहून दाढी करायची आहे. खोलीच्या दारापासून आरशापर्यंत सहा पावलं. त्यानं बायकोकडून मोजून घेतली आहेत.

गेल्या शुक्रवारी त्यानं खुर्ची माझ्याजवळ आणली आणि आवाज खाली करून विचारलं, "बाई, खरं सांगा. काल मोरॅगनं ती पेटी लावून बघितली. ही माणसाच्या पुढं पळते का हो? का मलाच जमत नाहीये?"

मी त्याला उत्तर दिलं.

हे तुम्हाला का कळवते आहे, ते तुम्ही समजू शकता. अजून नऊ दिवस आहेत. टोरांटोहून फोन दोन मिनिटांत लागतो. कसा जोडतात हे मला विचारा. आकडे बदलायला सांगा. कारण काहीही द्या. मी त्या कारणाला हरकत घेणार नाही.

सिसिलिया डेव्हनी

•

ग्लासगो
९ जानेवारी १९९१

डॉ. रेनी,

रविवार, ६ जानेवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास डेसी मुलहर्न आपल्या घरात पडला. बायको आणि मुली चर्चला गेल्या होत्या. त्याच्या मागे पट्टा धरणारं कोणी नव्हतं. पेटी चालू होती. त्याच्या सांगण्याप्रमाणे चौथ्या पावलाला डावी कुबडी अजून मागेच होती आणि पाय निघाला.

त्याला दुखलं नाही. दुखणारच नाही. तो दाराला टेकून बसला, पेटी बंद केली, बायको आल्यावर तिला म्हणाला की जरा बसावंसं वाटलं. तिनं त्याला खुर्चीत घेतलं. दुपारचं जेवण झालं. संध्याकाळी पायजमा मांडीला घट्ट का होतोय, म्हणून तिनं पाहिलं. मांडीचं हाड मधोमध मोडलं होतं. सात तास तो मोडक्या हाडावर बसून मुलींशी पत्ते खेळत होता.

काल ऑपरेशन झालं. लोखंडी सळई घातली आहे.

तो लोखंडावरही विनोद करतो आहे. मी त्याला भेटायला अजून गेलेले नाही.

सि. डेव्हनी

•

ग्लासगो
११ फेब्रुवारी १९९१

डॉ. रेनी यांस,

हे पत्र लांब होईल. बसून वाचा.

आम्हा मुलींना नन्सनी सातव्या वर्षी चर्चमध्ये फादरपुढं पापांची कबुली द्यायला शिकवलं. त्याचा नियम असा: काय केलं ते सांगायचं आणि किती वेळा केलं तेही सांगायचं. मी एकदा जाळीपुढं गुडघे टेकून म्हणाले, "फादर, मी बऱ्याचदा खोटं बोलले." पलीकडून आवाज आला, "बऱ्याचदा म्हणजे किती, बाळ? पाच की पन्नास?" मला आकडा माहीत नव्हता. त्यांनी मला मोजून यायला परत पाठवलं. मागच्या रांगेतल्या मुली हसल्या. तेव्हापासून मी मोजते. तुमची सात पावलं मोजली, ती याच सवयीनं. माझं मात्र आजवर मोजलं नव्हतं.

समितीच्या अध्यक्षांनी त्या दिवशी मला विचारलं, "मिस डेव्हनी, ही सगळी पावलं तुम्ही स्वतःच्या अंगठ्यानं टाकलीत?" मी पहिल्या पत्रात लिहिलं की सभ्यपणे उत्तर दिलं. मी म्हणाले, "सगळी. आणखी हवीत का?" नऊ जण हसले, टाळ्या वाजल्या. इतकंच नव्हे. पाचव्यापासून अकराव्यापर्यंत, प्रत्येक वेळी बूट निघताना दिसला की मी बटणावर अंगठा आपटत होते, मागाहून. म्हणजे कोणी मुठीकडे पाहिलंच तर ती हलताना दिसावी. सात वेळा. तुमच्या खिशातल्या हातानं लबाडी केली आणि माझ्या उघड्या हातानं तिला साथ दिली.

का केलं, हे तुम्हाला सांगायला मी बांधलेली नाही. पण सांगते. मी चौसष्ट वर्षांची आहे. साठाव्या वर्षी निवृत्त झाले, एकसष्टाव्या वर्षी आमच्या इमारतीचा जिना गडगडत उतरले. दूध आणायला निघाले होते. त्यानंतर त्या दिवसापर्यंत माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. टाळ्या परत करायला मला जमलं नाही.

समितीसमोर खोटं, एकदा. मोरॅगसमोर, ती गुंडाळी पसरून बसली तेव्हा, एकदा. त्याआधी आणि त्यानंतर गप्प राहणं, मंगळवार-शुक्रवार मिळून एकोणतीस वेळा. आणि डेसीसमोर एकदा. त्यानं विचारलं, पेटी पुढं पळते का. मी म्हणाले, "नाही रे. सवय होते." तुम्हाला लिहिलेल्या पत्रात मी फक्त 'उत्तर दिलं' एवढं लिहिलं.

गेल्या महिन्यात मोरॅगला सगळं सांगितलं. तिनं चहाचा कप धुतला, पुसला, पुन्हा धुतला. मग म्हणाली, "मी पट्टा धरला होता. सात पावलं तुम्ही माझ्या हातात पिठाच्या पोत्यासारख्या लटकत होता. मला वाटलं, पाहुण्यांपुढं दमल्या असतील. मीसुद्धा विचारलं नाही." कप पालथा घालून म्हणाली, "तुम्ही मला तेव्हाच सांगायला हवं होतं, बाई." तिनं मला आजवर कधी असं बोलून दाखवलं नव्हतं.

२८ जानेवारीला मी तुमच्या जागेवर आलेल्या डॉ. प्रिंगल यांच्याकडे गेले. तरुण आहेत. टेबलावर तीन पेन्सिली, तिन्ही सारख्या टोकाच्या. मी लेखी निवेदन दिलं, सहीचं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"मिस डेव्हनी, हे पाच महिन्यांपूर्वीचं आहे."

"तारीख आणि वेळ वर लिहिली आहे."

"माणसाची आठवण फसवते. मुलहर्नच्या अपघातानं तुम्हाला धक्का बसला, हे मी समजू शकतो."

"मला धक्का बसला तो सप्टेंबरात. आता मी नुसती बोलते आहे."

त्यांनी एक फाइल काढली आणि तिच्यातला कागद माझ्यापुढे सरकवला. समितीच्या बैठकीचं टिपण. त्यात टाइप केलेलं आहे: 'पेशंटने स्पष्ट सांगितले की सर्व पावले त्यांनी स्वतः टाकली.' म्हणाले, "आमच्याकडे यंत्राचा आलेख आहे, आणि तुमचाच हा जबाब आहे. त्या दिवशी सरावाचं बटण जोडलं होतं असं कुठेही नोंदलेलं नाही. ते नक्की सांगू शकेल असा एकच माणूस आहे आणि तो इथं नाही."

"तो टोरांटोला आहे."

"त्यांनी लिहून कळवलं तर मी त्याच दिवशी पेट्या थांबवीन," ते म्हणाले. आणि मला वाटतं, ते खरंच थांबवतील. माणूस वाईट नाही. त्याला कागद लागतो.

मी खोटं बोलले ते टाइप झालं. खरं बोलले ते निवेदन फाइलच्या मागच्या खिशात गेलं. तक्रार मी कोणाकडे करू?

त्यानंतर मी डेसीकडे गेले. चार आठवडे टाळत होते. पाय उंच बांधलेला, हातात वर्तमानपत्र. मला पाहून म्हणाला, "या हेडबाई. उभं राहून स्वागत केलं असतं, पण सध्या बंदी आहे."

मी व्हीलचेअरचा ब्रेक लावला आणि सगळं सांगितलं. काय, आणि किती वेळा.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तुमची पावलं किती?"

"चार."

"आम्हाला तर अकरा सांगितली."

"हो."

"आणि ते दोन सेकंद कुठून आले?"

"डॉक्टर रेनींच्या खिशातून."

मला वाटलं, आता तो हसेल. नेहमी हसतो. त्यानं वर्तमानपत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"बाई, मी हात जलद करायचा प्रयत्न करत होतो. पेटी आल्यापासून सोळा दिवस, रोज सकाळी. मला वाटायचं, चौसष्ट वर्षांच्या बाईला जमतं आणि माझ्यासारख्या रेड्याला जमत नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे. बायकोला म्हटलं, तू चर्चला जा, मला एकट्याला सराव करू दे. तिच्यासमोर मला लाज वाटायची." मग म्हणाला, "तुम्ही जर म्हटलं असतंत, की हो, पळते."

"मी म्हटलं नाही."

"नाही म्हटलंत," तो म्हणाला. त्यानंतर त्यानं नर्सला बोलावून पडदा ओढून घेतला. मी थोडा वेळ पडद्याच्या बाहेर बसले. मग मी घरी आले.

मी पुन्हा गेलेले नाही. तो बोलावेल तेव्हा जाईन.

आता तुमच्याकडे वळते. तुमच्यावरचा माझा राग कमी झालेला नाही. त्याची जागा मात्र बदलली आहे. तुम्ही बटण दाबलंत, त्याला तीन सेकंदांची घाई म्हणता येईल. त्याहून वाईट ते, जे तुम्ही ऑक्टोबरात टेबलापाशी निवांत बसून केलंत. तुमच्यासमोर त्या आलेखाची प्रत होती. कोणती पावलं कोणाची, हे जगात फक्त दोघांना माहीत होतं. आणि त्यातली सुंदर दिसणारी निवडून तुम्ही ती लंगड्या माणसांसाठी नियम म्हणून पाठवलीत. ती धडधाकट माणसाच्या अंगठ्याची लय होती. ती आमच्यापैकी कोणाची नव्हती. तुम्हाला बहुधा खरंच वाटलं असेल की मी तिथपर्यंत पोचेनच, थोडा सराव केला की. तुम्ही मला नेहमी माझ्यापेक्षा जास्त समजत आलात. दोन वर्षं मला ते आवडत होतं, हेही लिहून टाकते.

उरलेल्या तीन पेट्या सोमवारी, ४ मार्चला, सकाळी नऊ वाजता लोकांच्या घरी निघतील. त्या तिघांची नावं युनिट मला सांगत नाही, नियम आहे. मोरॅग एवढंच म्हणाली की त्यातली एक पेस्ली गावची बाई आहे, तिला पाळण्यातलं मूल आहे. तिघांनाही सांगितलेलं आहे की मिस डेव्हनींनी अकरा पावलं टाकली. तिघंही आपापल्या स्वयंपाकघरात माझ्या बरोबरीनं चालायचा प्रयत्न करतील, आणि जमलं नाही की माझ्याकडे नव्हे, स्वतःकडे बोट दाखवतील. पडतील तेव्हा दुखणार नाही.

तुम्ही लिहिलंत तर काय होईल, याचा मी विचार केला आहे. समिती कदाचित सगळाच कार्यक्रम बंद करील. माझीही पेटी परत जाईल. आठवड्यातून दोनदा मी बारापंधरा मिनिटं माणसांच्या उंचीवरून खिडकीबाहेर बघते, ते संपेल. तुमच्या नव्या ठिकाणी तुम्हाला प्रश्न विचारले जातील. मला तुमची काळजी वाटत नाही असं नाही. पण मी ती या हिशेबात धरत नाही.

डॉ. प्रिंगल यांच्या नावानं पत्र लिहा, आणि तशीच दुसरी प्रत माझ्या नावानं. त्यात एवढंच असू द्या: १४ सप्टेंबरला सरावाचं बटण जोडलेलं होतं आणि तुमच्या हातात होतं. पाचव्यापासून अकराव्यापर्यंतची पावलं तुम्ही टाकलीत. दोन सेकंदांचा आकडा त्या पावलांवरून घेतला, तो रद्द करावा. कारणं देऊ नका. माझ्याबद्दल चांगलं काही लिहू नका. माफी मागायची असली तर ती डेसी मुलहर्नची, वेगळ्या कागदावर.

कॅनडाचं हवाई टपाल सात दिवस घेतं. हे पत्र तुम्हाला १८ तारखेला मिळेल. विचार करायला तुमच्याकडे तीन दिवस आहेत. ते मला लागले त्यापेक्षा पुष्कळ कमी आहेत, पण माझे पाच महिने एका माणसाच्या मांडीत खर्ची पडले.

फोन करू नका. फोनवर माणूस काय बोलतो आणि नंतर काय बोललो म्हणतो, ते मी तेहतीस वर्षं कानानं ऐकलं आहे. तुमच्या हस्ताक्षरातलं, सहीचं आणि तारखेचं उत्तर शुक्रवार, १ मार्च १९९१ रोजी संध्याकाळी पाचच्या आत डॉ. प्रिंगल यांच्या टेबलावर पोचलं पाहिजे. पाच वाजता ते कार्यालयाला कुलूप लावतात. तोवर मी त्यांच्या दाराबाहेर बसलेली असेन.

सिसिलिया मेरी डेव्हनी